हाड कुणाचं, हे आधी सांगा



हाडाची रचना शिकवताना मी वर्गात एक प्रयोग करून घेतो. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ धुतलेलं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवायचं. कॅल्शियमचे क्षार विरघळतात, कोलॅजेन उरतं आणि हाड रबरासारखं वाकतं. दुसरं हाड चांगलं भाजायचं. त्यातलं कोलॅजेन जळून जातं, उरलेला पांढरा खनिज भाग हाताने मोडतो. (वास फार येतो, मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा.)

गेल्या वर्षी हाच धडा आमच्या घरात आला. आईची दाढ काढल्यावर जबड्याचं हाड झिजलेलं निघालं. इम्प्लांटआधी तिथे ‘बोन पावडर’ भरून वर ‘मेंब्रेन’ लावावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही सही केली. काम छान झालं. नंतर फाइलमधल्या स्टिकरवर मी दोन शब्द वाचले : बोव्हाइन आणि पोर्सिन. म्हणजे गाय आणि डुक्कर. आई माळकरी. तिला सांगावं की नाही, यात माझे चार दिवस गेले. सांगितल्यावर ती रागावली नाही. “मला आधी का नाही विचारलं?” एवढंच म्हणाली.

चूक डॉक्टरांची होतीच, पण माझीही होती. विज्ञान शिकवणारा मी, पावडर कशाची हे विचारलंच नाही!

खरं तर यात लपवण्यासारखं काही नाही. जगभर वापरली जाणारी बायो-ऑस ही पावडर गायीच्या हाडातली प्रथिनं काढून बनवतात. उरतो तो सच्छिद्र खनिज सांगाडा. त्याच्या छिद्रांत आपल्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरतात, नवं हाड धरतं. तिच्या जोडीची बायो-गाइड ही पडदी डुकराच्या कोलॅजेनची. हिरडी भरभर वाढते, हाड सावकाश. पडदी हिरडीला थोपवून धरते आणि काम झालं की शरीरात विरून जाते. आमच्या वर्गातलीच दोन हाडं, एक खनिजाचं, एक कोलॅजेनचं!

हा पेच नवा नाही. 1668 साली छापलेल्या योब व्हान मेकेरेन या डच शल्यविशारदाच्या ग्रंथात एका रशियन माणसाची हकिकत आहे. त्याच्या कवटीतलं भगदाड कुत्र्याच्या हाडाने बुजवलं. चर्चने हरकत घेतली, म्हणून ते काढायचं ठरलं!

माझा प्राण्यांच्या हाडाला विरोध नाही. एखादी माळकरी आजीही विचारांती ‘चालेल’ म्हणेल. पण जैन, मुस्लिम, वारकरी किंवा नुसता शाकाहारी माणूस, त्याला हे सहीच्या आधी कळायला हवं, त्याच्या भाषेत. ‘सांगितलं की पेशंट घाबरतात’ ही सबब मला पटत नाही. पर्याय आहेत ना! रुग्णाच्याच जबड्यातून काढलेलं हाड आहे, पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. मानवी दात्याचं हाड आहे, कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटही आहे. प्रत्येकाचे गुणदोष वेगळे, सगळं सगळीकडे चालतंच असं नाही. ते डॉक्टरांनी समजावावं आणि निवड रुग्णाने करावी.

पुढच्या महिन्यात आईची दुसरी दाढ आहे. या वेळी विचारायच्या प्रश्नांची चिठ्ठी तिने स्वतःच लिहून ठेवली आहे, पाठपोट.