पणजीचे नाव काय?

दिवाळीच्या सुटीत घरी जमलेल्या मंडळींना मी एक साधा प्रश्न घालतो. पणजोबांचे नाव बहुतेक जण सांगतात. पणजीचे विचारले, की साऱ्यांचे लक्ष एकदम फराळाच्या ताटाकडे जाते!

तशी वंशावळींची हल्ली चलती आहे. जातीच्या दाखल्यासाठी आमच्या वर्धा जिल्ह्यात कागद शोधणारे पूर्वीपासूनच होते; २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पुढे कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला. कोतवाल बुके, बंदोबस्ताचे जुने कागद, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर! त्या रजिस्टरात निम्मे गाव १ जुलैला जन्मलेले दिसते. ते पाप आम्हां मास्तरांचे. पण वंशावळीतून बायका गाळण्याचे पाप कोणाचे?

मीही माझ्या घराण्याचा शोध घेतला. कोतवाल बुकात १९१८ च्या पानांवर ओळीमागून ओळ एकच शब्द : ताप. ती मानमोडीची साथ. त्यात माझ्या पणजोबांचे नाव आणि पुढे ‘याची बायको, ताप.’ संपले! जिने माझ्या आजोबांना जन्म दिला, तिचे नाव सरकारने लिहिले नाही आणि घराने लक्षात ठेवले नाही. सरकार परके होते. घर तर आपले होते ना?

बरे, शोधावे तर कसे? लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहून आपण मुलीचे जुने नाव पुसतो. शाळेत ती एक, सातबाऱ्यावर दुसरी. दोन्ही एकच, हे सांगणारी म्हातारी गेली की धागा तुटला.

‘जात बापाकडून धरतात, त्याला आम्ही काय करावे?’ असे शहाणे विचारतात. कचेरीत द्यायचा कागद कचेरीच्या रीतीने द्या. पण चौकटीत बसवून बैठकीत टांगता, तो वंशवृक्षही नुसत्या बाप्यांचाच? सरकारसुद्धा शहाणे झाले. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग बापाचे. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. तरीही पुष्कळ घरांत बहिणीची आठवण होते ती हक्कसोडपत्रावर सही घ्यायची असते तेव्हाच!

परवा भाऊबीज. बहीण ओवाळील, तुम्ही ताटात नोट टाकाल. टाका जरूर. पण त्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ वही घेऊन बसा. तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे, सासूचे नाव विचारा आणि लिहा. ती आहे तोवरच हे दफ्तर उघडे आहे. माझ्या घरचे मिटले. मी उशीर केला.