पसरणी घाट : जागेवर मिटवलेला अपघात मोजला जात नाही

पाचगणी : वाई ते पाचगणी अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. पण मधला पसरणी घाट प्रत्येक मोसमात वेगळी परीक्षा घेतो. मे महिन्यात आणि दिवाळीत पर्यटकांच्या गाड्यांची रांग, पावसाळ्यात धुकं आणि निसरडा रस्ता, हिवाळ्यात स्ट्रॉबेरीच्या पिकअप. याच रस्त्यानं दांडेघर, गोडवली, भिलारची माणसं दुचाकीवरून वाईला बाजाराला, दवाखान्याला जातात. पर्यटक वर्षातून एकदा येतो, आपण रोजचे.

वळणावर टक्कर झाली की पुढचं चित्र ठरलेलं. माणसं जमतात, आवाज चढतो, शेवटी कुणीतरी म्हणतं, "जाऊ द्या, पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता?" काही पैसे हातावर टेकवले जातात आणि विषय संपतो. गाडीला ओरखडा असेल तर ठीक. पण पाय मोडलेला असतानाही हेच होतं, तेव्हा नुकसान एकट्या जखमीचं होत नाही, अख्ख्या घाटाचं होतं.

ते कसं, बघा. राष्ट्रीय महामार्गावरचा 'ब्लॅकस्पॉट' ठरवायला केंद्र सरकारचा निकष आहे. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर एकूण १० मृत्यू. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापतच. म्हणजे मोडलेला पायही या हिशोबात धरला जातो, पण नोंद झाली असेल तरच. घाटरस्ता राष्ट्रीय महामार्ग नसला, तरी कठडा किंवा आरसा मागायला गेलं की पहिला प्रश्न हाच येतो : "इथं अपघात किती झाले?" कागदावर शून्य असेल तर आपलं म्हणणं कोण ऐकणार?

आपल्याच जिल्ह्यातला खंबाटकी आठवा. एप्रिल २०१८ मध्ये बोगद्याजवळच्या 'एस' वळणावर कर्नाटकातल्या मजुरांचा टेम्पो उलटून १८ जण गेले. ते वळण टाळण्यासाठी तिथं नवे जुळे बोगदे हाती घेतले गेले. तो पुणे-सातारा महामार्ग, तिथं पैसाही मोठा, हे खरं. पण त्या वळणावरचे बळी सरकारदरबारी मोजलेले होते, हेही तितकंच खरं. त्याच वर्षी २८ जुलैला महाबळेश्वरच्या पलीकडे आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एकच जण वाचला. एवढा मोठा अपघात झाला की घाटाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. रोजच्या लहान अपघातांकडे जात नाही, आणि धोक्याची आधी सूचना देतात ते हेच अपघात.

नोंदीचा फायदा जखमीलाही आहे. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला ठरावीक रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. त्यासाठी अपघाताला पोलिसांचा दुजोरा लागतो. विम्याची भरपाई मागतानाही आधी पोलिसांचे कागदच विचारतात. धडक देऊन गाडी पळाली तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची मदत आहे. तिथंही नोंद हवीच.

"मदत केली तर आपणच अडकू" ही भीती अजून आहे. जखमीला उचलून नेणाऱ्याला कायद्यानं संरक्षण दिलेलं आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. १०८ ला फोन करा, जागा नीट सांगा.

गाडी चालवताना दोन नियम पाळले तरी पुष्कळ. उतारावर न्यूट्रल टाकू नका, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात. अरुंद जागी वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

आणि एक काम गावानं करावं. घाटातल्या प्रत्येक जखमी अपघाताची तारीख, जागा आणि पोलीस नोंदीचा क्रमांक ग्रामपंचायतीत एका वहीत लिहून ठेवा. वर्षाअखेरीस ग्रामसभेचा ठराव आणि ती वही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवा. "घाट धोक्याचा आहे" असं तोंडी सांगणाऱ्याला आश्वासन मिळतं. अमुक वळणावर तीन वर्षांत पाच जणांची हाडं मोडली, असं कागदावर दाखवणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.