भाकरी बंद करण्यापूर्वी

लोहारा येथील एका परिचित घरातील हा प्रसंग. आजींनी पंचाहत्तरी ओलांडलेली, मधुमेह पंधरा वर्षांचा. तपासणीत साखर वाढलेली आढळली आणि सुनेने काळजीपोटी त्यांची भाकरी बंद केली. ताटात उरली पातळ आमटी, थोडी पालेभाजी आणि ताक. मधुमेहाची गोळी मात्र पूर्वीइतकीच चालू होती. चौथ्या दिवशी सायंकाळी आजी घामाघूम झाल्या, असंबद्ध बोलू लागल्या, नातवाला ओळखेनात. घरच्यांना वाटले, वयाचा विसर सुरू झाला. शेजारी राहणाऱ्या परिचारिकेने बोटातील थेंबभर रक्त तपासले, तेव्हा साखर 52 भरली. ग्लुकोजचे पाणी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आजी सावरल्या.

दुसऱ्या दिवशी भेटावयास गेलो, तेव्हा सून डोळे पुसत म्हणाली, “साखर भाकरीनंच वाढते म्हणतात, म्हणून बंद केली आत्याबाईंची. माझं चुकलं का हो?” तिच्या मायेत उणीव नव्हती. भाकरी शरीरात जाऊन नेमके काय करते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आज तेच पाहू.

भाकरी, भात, साखर, गूळ, फळे यांतील प्रमुख घटक म्हणजे कर्बोदके. नावातच त्यांची घडण आहे: कर्ब आणि उदक. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे 6, हायड्रोजनचे 12 आणि ऑक्सिजनचे 6 अणू असतात. म्हणजे हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण पाण्यातल्याप्रमाणेच दोनास एक. ग्लुकोज ही सुटी शर्करा. साखरेच्या रेणूत ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची जोडी असते, तर दुधातील लॅक्टोजमध्ये ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांची. धान्यातील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो मण्यांची माळ.

ही माळ कशी गुंफली जाते, हे आपल्या भागातील माणसाने जिभेवर अनुभवलेले असते. पौषात आगटीवर भाजलेला हुरडा गोड लागतो, कारण त्या कोवळ्या दाण्यात सुट्या शर्करा असतात. दाणा पक्व होतो तसतसे त्यांचे पिष्ट बनते आणि गोडी ओसरते. आपले शरीर नेमकी उलट क्रिया करते. भाकरीचा घास सावकाश चावत राहिल्यास तो किंचित गोड लागू लागतो, कारण लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टाची माळ तोडू लागते. उरलेले काम लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस व आतड्यातील विकरे पूर्ण करतात. म्हणून दात नसलेल्या वडीलधाऱ्यांनी आमटीत कुस्करलेली भाकरी खाल्ली, तरी तिचे पचन अडत नाही.

ज्वारीच्या ताटाचा कडबा मुख्यतः सेल्युलोज व तत्सम तंतूंचा असतो. सेल्युलोज हीदेखील ग्लुकोजचीच माळ. पण तिच्या मण्यांची गाठ वेगळी असते आणि ती सोडविणारे विकर माणसाजवळ नाही. बैलाच्या पोटातील सूक्ष्मजीव ती सोडवितात. आपल्या आहारात असे तंतू न पचता पुढे सरकतात, शौचास साफ होण्यास मदत करतात आणि इतर काही तंतू शर्करेचे रक्तातील शोषणही मंदावतात. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात जेमतेम 3. साखरेत तर मुळीच नाहीत. त्यामुळे भाकरी आणि साखर यांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

आता या ग्लुकोजचे काम पाहू. प्रौढ माणसाच्या मेंदूस दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागते. रक्तात मात्र एका वेळी फिरत असते अवघे 4-5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मधल्या वेळेची तरतूद यकृत करते. ते सुमारे 100 ग्रॅम ग्लुकोज ग्लायकोजनच्या रूपात साठवून ठेवते आणि आपण झोपेत असताना थोडेथोडे रक्तात सोडते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी 1857 मध्ये यकृतातून हे ग्लायकोजन वेगळे केले. ही शिदोरी सुमारे एक दिवस पुरते. त्यानंतर यकृत मुख्यतः स्नायूंतील प्रथिने मोडून ग्लुकोज बनवू लागते. वृद्धापकाळी स्नायू आधीच झिजत असतात. त्यांत ही भर पडली, की उठताना तोल जाणे, पडणे ओढवते. पुरेशी कर्बोदके मिळाली, तर प्रथिने स्नायूंसाठी शिल्लक राहतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढांसाठी रोज 130 ग्रॅम कर्बोदके सांगितली आहेत. 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीतून त्यांपैकी सुमारे 34 ग्रॅम मिळतात.

आजींच्या बाबतीत काय घडले, हे आता उमगेल. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडास इन्सुलिन स्रवावयास लावते, ताटात भाकरी असो वा नसो. इन्सुलिनचे इंजेक्शनही भाकरीची वाट न पाहता साखर उतरविते. येणारे ग्लुकोज थांबले, वापरणारे औषध चालू राहिले. आपल्या जिल्ह्यात तुळजाभवानीच्या नवरात्रात अनेक वृद्ध नऊ दिवसांचा उपवास धरतात. त्यांच्या घरीही हाच प्रसंग उद्भवू शकतो. उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. मनाने औषध बदलू नये. उपवासास चालतो म्हणून साबुदाणा भरपूर खाणेही हितावह नाही. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने साखर झपाट्याने वाढते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. मधुमेही वृद्धास अचानक घाम, थरथर, चिडचिड, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर आधी साखर तपासावी. ती 70 पेक्षा कमी असल्यास, अथवा यंत्र हाताशी नसल्यास, सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर चढली नसल्यास तीच मात्रा पुन्हा द्यावी. सावरल्यावर भाकरी-दूध असे काही खाऊ घालावे आणि डॉक्टरांना कळवावे. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर मात्र ग्लुकोजच द्यावे. ही औषधे जोडशर्करा तोडणारी विकरे अडवितात, म्हणून घरची साखर तातडीने उपयोगी पडत नाही. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आजींच्या ताटात भाकरी परत आली आहे. दोन्ही वेळा एकेक, मोजून. सोबत घट्ट वरण, पालेभाजी आणि दही. गोळीची मात्रा डॉक्टरांनी कमी केली. सुनेने ग्लुकोजची पुडी देवघराशेजारच्या फळीवर ठेवली आहे आणि ती कशासाठी आहे, हे नातवासही शिकविले आहे.