क्रीडांगणाचे कुंपण कोणासाठी?

मार्च २०२४ मध्ये मुंबईत वडाळा येथील महापालिकेच्या उद्यानात दोन लहान भावंडे जमिनीतील पाण्याच्या टाकीत बुडून मृत्युमुखी पडली. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेऊन मानवी जीविताचे मोल काय, असा प्रश्न उपस्थित केला. त्याच वर्षी जुलैअखेर पिंपरी-चिंचवडमधील बोपखेल येथे एका इमारतीचे लोखंडी सरकते फाटक अंगावर कोसळून एक बालिका दगावली. टाकीचे झाकण काय किंवा फाटक काय, मुलांचा हात त्याला लागणारच, हे गृहीत धरले गेले असते तर दोन्ही घटना टळण्याजोग्या होत्या.

आपल्या शहरांतील क्रीडांगणांची कुंपणे पाहिली म्हणजे ती मुलांसाठी नसून जमिनीसाठी उभारली आहेत, हे ध्यानात येते. त्याला कारणही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण पडते. परंतु मोकळ्या जागेवर अतिक्रमण होण्यास अवधी लागत नाही. म्हणून जागा ताब्यात येताच भिंत बांधावयाची, तीवर भाल्याच्या टोकांचे गज रोवावयाचे आणि फाटकाला कुलूप ठोकावयाचे, असा शिरस्ता पडला. जमीन त्यामुळे वाचते, हे मान्यच केले पाहिजे. मात्र भर दुपारी कुलूप असले तरी मुले आत असतातच. ती त्याच टोकदार गजांवरून उतरलेली असतात!

मुलांसाठीचे कुंपण कसे असावे, हे काही गूढ शास्त्र नव्हे. अमेरिकेतील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेनुसार क्रीडासाहित्यातील साडेतीन ते नऊ इंचांची फट धोक्याची समजली जाते. अशा फटीतून मुलाचे पाय व धड बाहेर जाते आणि डोके अडकते. गजांमधील अंतरालाही हाच न्याय लावणे युक्त ठरेल. गज उभे असावेत, कारण आडव्या पट्ट्यांची शिडी होते. सरकत्या फाटकाच्या रुळाच्या दोन्ही टोकांना भक्कम अडसर हवा. फाटक थेट वाहत्या रस्त्यावर उघडणारे नसावे. चेंडूमागे धावणारे मूल उजवीकडे-डावीकडे पाहत नाही.

यासाठी पैसा नाही, ही सबब नेहमीची आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती तपासून पाहण्यासारखी आहे. नवे फाटक भांडवली खर्चात मोडते. त्याची निविदा निघते, समारंभ होतो, कोनशिलेवर नावे कोरली जातात. बिजागरीला तेल घालणे, झिजलेले चाक बदलणे, गंजलेला गज कापून नवा जोडणे हा किरकोळ देखभालीचा खर्च. त्याची कोनशिला होत नाही आणि काटकसरीची कात्री प्रथम त्यावरच चालते. त्यातून होणाऱ्या हानीचा भार तर निर्णय घेणाऱ्याच्या जमाखर्चात कोठेच उमटत नाही. तो पडतो एखाद्या कुटुंबावर, आणि बहुधा ज्याच्या मुलांना खेळावयास दुसरी जागा नाही अशाच कुटुंबावर. खर्च एकाच्या हाती व हानी दुसऱ्याच्या माथी, अशी ही विभागणी आहे तोवर केवळ तरतूद वाढवून फारसे साधणार नाही.

म्हणून जबाबदारी व्यक्तीच्या नावावर पडली पाहिजे. प्रत्येक क्रीडांगणाच्या फाटकावर निगराणी करणाऱ्या अभियंत्याचे पदनाम, दूरध्वनी क्रमांक आणि अखेरच्या तपासणीची तारीख लिहिण्यास फार तर एक डबा रंग लागेल. कंत्राटदाराचे अखेरचे देयक फाटक बसविताच चुकते न करता त्यातील काही हिस्सा दोन वर्षांच्या देखभालीपोटी राखून ठेवता येईल. खेळाची वेळ आणि कुलपाची वेळ एकच असू नये, एवढे तर विनाखर्च होण्याजोगे आहे. ही तपासणी मे महिन्याच्या सुटीपूर्वी व्हावयास हवी, कारण मैदानांवर खरी गर्दी त्याच सुमारास होते.