कंत्राटदाराचा विमा

काणकोण येथे 4 जानेवारी 2014 रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून 31 जीव गेले. त्यांत पोटासाठी परप्रांतातून आलेले मजूर होते. तरीही घर बांधावयास काढणारा गृहस्थ कंत्राटदाराला दर विचारतो, विमा विचारीत नाही. विचारलाच, तर ‘आहे हो!’ एवढ्यावर त्याचे समाधान होते. आम्ही म्हणतो, पॉलिसीच मागावी. तिची मुदत काम संपेपर्यंत आहे काय, मजुरांच्या नुकसानभरपाईचा तीत समावेश आहे काय, हे वाचावे. मजुरांची संख्या व मजुरी यांवर हप्ता ठरतो. म्हणूनच चौघांचा विमा उतरवून पंधराजणांना परांचीवर चढविण्याचा मोह कंत्राटदाराला होतो. उरलेल्या अकराजणांपैकी कोणी पडला, तर त्याच्या बायकामुलांनी कोणाच्या दारी जावे? तेव्हा जागेवरची माणसे मोजावीत, विमा कंपनीच्या शाखेत चौकशी करावी. आणि पंचायतींनीही परवाना देतानाच ही पॉलिसी पाहावयास मागावी.