सरसकट जकातीचा न्याय

‘फोर्ज ऑफ एम्पायर्स’ या २०१२ पासून चालत आलेल्या इंटरनेटवरील राज्यविस्ताराच्या खेळात परसंघातील खेळाडूचा सौदा पत्करावयाचा तर एक ‘फोर्ज पॉइंट’ मोजावा लागतो. प्रगतीस लागणारे हे नाणे तासाला एकच जमते. माल पाच नग असो वा पाचशे, जकात तीच. आणि हिला म्हणे समता म्हणावयाचे! डोईवर पाटी घेऊन आलेली माळीण व दहा गाड्या आणणारा आडत्या यांजकडून नाक्यावर सारखाच रुपया घेणे, ही समता आम्हांस तरी उमगत नाही. स्वसंघीयांस जकात माफ. म्हणजे मोठ्या संघातला धनिक सुटला, एकाकी नवखा तेवढा सापडला. दुपटीहून अधिक मोबदला मागू नये, हा तेथील निर्बंध योग्यच. परंतु पाच नगांपायी तासाची मिळकत गमावणाऱ्यास त्याचे काय? जकात मालाच्या प्रमाणात घ्यावी व लहान सौदे मोकळे सोडावे, एवढेच आमचे मागणे आहे.