म्हाताऱ्यांचे विनोद

पोलादपूरकडच्या वाड्यांत चाकरमानी दिसतो तो गणपतीला नि शिमग्याला. एरवी घरांची राखण म्हाताऱ्यांकडे. २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि महाडच्या बाजाराला जाणे या मंडळींना सोपे झाले. त्या गाडीत एकदा एक आजोबा कंडक्टरला म्हणाले, "लहानपणी अर्धं तिकीट, पासष्टीला पुन्हा अर्धं, आता फुकट. म्हणजे मी वजाबाकीत चाललोय!"

अशा बोलण्याला आपण 'म्हातारा मोठा मिश्कील' अशी दाद देतो नि विषय मिटवतो. मला हे पटत नाही. गुडघा दुखतो म्हटले तर मुंबईचा मुलगा रजा टाकून धावत येईल, नाहीतर चिडेल. दोन्ही नको, म्हणून विनोद. त्यात स्वाभिमान असतो, हे खरेच. पण थोडे गाऱ्हाणेही असते. हसून झाल्यावर पुढचा प्रश्न विचारायला हवा.

जुलै २०२१ मध्ये महाड पुरात बुडाले. फोन लागला तेव्हा आमची तिथली मावशी म्हणाली, "सावित्रीमाय ओटीवर येऊन गेली रे, चहासुद्धा न घेता!"

"आणि तांदूळ?" मी विचारले.

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.